नाक्याआधीचा चढ

कुसाबाई सायकल शिकायला लागली तेव्हा तिचं वय त्रेपन्न होतं, आणि नवऱ्याला, देवरामला, जाऊन पाच महिने झाले होते. वस्तीतल्या बायांना वाटलं, बाई दुःखानं बावचळली. कुणी म्हणालं, कामावर जायला सोय म्हणून शिकत असेल. कुणी म्हणालं, बघा बाई, आता हौस आली! लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत. खरं कारण सुरुवातीला कुणालाच माहीत नव्हतं. पोटच्या पोराला, दिनेशलासुद्धा, तिनं ते सांगितलं नव्हतं. तिला एक गोष्ट मोजून बघायची होती. आपल्याला सायकल येत असती, तर नवरा वाचला असता का? एवढंच.

दोघं नवरा-बायको मखमलाबादच्या पुढं, पाटाच्या कडेच्या एका द्राक्षबागेत कामाला होते. एक-दोन वर्षं नाही, चांगली एकोणतीस. वस्ती इकडं नाक्याजवळ, बाग तिकडं, मधे साडेपाच किलोमीटरचा रस्ता. देवराम सायकल चालवायचा आणि कुसाबाई मागं कॅरिअरवर एका अंगानं बसायची, दोन्ही पाय डावीकडं सोडून, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन. पुढं वस्तीत निम्म्या घरांनी मोटरसायकली घेतल्या. दिनेश अंबडच्या कंपनीत लागला, त्यानंही घेतली. देवरामनं मात्र आपली सायकल सोडली नाही. उंच, काळी, पुढं दांडा असलेली जुनी सायकल. तिला घंटी होती, पण ती वाजवायची वेळच यायची नाही, कारण चेनकव्हरचा खडखडाट दोन गल्ल्या आधी सांगत यायचा की देवराम आणि कुसा निघाले.

त्या रस्त्याला येताना तीन चढ लागतात. पहिला पाटाच्या मोरीवरचा, दुसरा डांबरीला लागताना, आणि तिसरा नाक्याच्या अलीकडचा, तो मोठा. चढ आला की देवराम मान न वळवता म्हणायचा, "उतर." सायकल थांबायची वाट कुसाबाई कधी बघायची नाही. चालत्या सायकलवरून डाव्या अंगाला अलगद पाय टेकायची आणि मागून चालत यायची. वर पोचून तो एक पाय जमिनीला लावून उभा राहायचा. ती आली की म्हणायचा, "बस." एकोणतीस वर्षं दिवसाला तीनदा हे चाललं. शेवटी शेवटी तर त्यानं सांगायच्या आधीच तिचे पाय जमिनीला लागलेले असायचे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनं एकदा त्याला म्हटलं होतं, "मला पण शिकवा की सायकल." तो हसला. कुजकं नाही हसला हो, मायेनंच हसला. म्हणाला, "तुला कशाला लागते? मी आहे ना." आता सांगा, यावर बाईनं काय बोलायचं? तिला तर ते ऐकून गोडच वाटलं. माहेरी गेली तेव्हा मोठ्या बहिणीला तिनं ते मुद्दाम सांगितलंही, आणि बहीण म्हणाली, नशीब काढलंस.

मग तो नोव्हेंबरातला रविवार आला. बागेची छाटणी उरकून मजुरांची टोळी आपल्या गावी गेली होती. मालक घरच्यांना घेऊन सटाण्याकडं लग्नाला गेले होते. बागेत दोघंच. शेतीची लाइट त्या आठवड्यात दुपारी पाऊणला यायची. लाइट आली, देवराम मोटर चालू करून आला, लिंबाखाली बसला, पाणी मागितलं आणि पाणी न पिताच छातीला हात लावून आडवा झाला. अंगाला दरदरून घाम. डोळे उघडे. "कुसा," एवढंच म्हणाला. त्याच्या मनगटावरच्या घड्याळात एक वाजला होता.

दोघांत मिळून फोन एकच, देवरामच्या खिशातला, आणि तो त्या दिवशी नेमका घरी चार्जिंगला राहिलेला. पाटाच्या रस्त्याला दुपारी चिटपाखरू नसतं. कुसाबाईनं काय करावं? लिंबाला टेकलेली सायकल तिनं धरली आणि ती घेऊन पळत सुटली. होय, सायकल हातात धरून! एकोणतीस वर्षं डोक्यात एकच गोष्ट बसलेली, की लवकर जायचं म्हणजे सायकलनं जायचं. पण वर बसायचं कसं आणि बसल्यावर करायचं काय, ते तिला कुठं ठाऊक होतं? शे-दीडशे पावलं ती ते धूड ढकलत पळाली. पायडल नडगीवर आदळत होतं, हँडल वळत होतं. शेवटी तिनं सायकल पाटाच्या भरावावर टाकून दिली आणि मोकळी पळाली. डांबरीवर दोन मोटरसायकली गेल्या. तिनं हात केला. त्या थांबल्या नाहीत.

नाक्यावरच्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. एक वाजून पंचावन्न मिनिटं. तिला दुसरं काही आठवत नाही, ते घड्याळ तेवढं आठवतं. दवाखान्याची गाडी लगेच सुटली, देवरामला घेऊन आली, तेव्हा त्याचा श्वास चालू होता. तीनच्या आत तो गेला. डॉक्टर भला माणूस होता. बाहेर येऊन, निरोप मिळून धावत आलेल्या दिनेशच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "अर्धा तास आधी आले असते तर काहीतरी करता आलं असतं." त्याला वाटलं बाकावरच्या बाईला ऐकू आलं नसेल. तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

श्रद्धांजलीच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी नातेवाईक जमले. देवरामचे कपडे, स्वेटर, चपला ज्याला त्याला दिल्या. सायकलचा विषय निघाला तेव्हा कुसाबाई म्हणाली, "ती राहू द्या." आठवण म्हणून ठेवत असेल, असं सगळ्यांनी धरलं. ती रोज सकाळी फडक्यानं सायकल पुसायची आणि मनात तोच हिशेब चालायचा. पळत मला पंचावन्न मिनिटं लागली. ही चालवता आली असती तर किती लागली असती? हा प्रश्न तिला जेवू देईना. लोक समजावत, वेळ भरली होती गं, तू काय करणार होतीस. ती मान हलवायची. पण तिचं मन तिला आतून खात होतं, आणि मनाला कुणी समजवायचं?

एप्रिलमध्ये एका सकाळी ती सायकल ढकलत सहादूच्या दुकानावर गेली. सहादू म्हणजे देवरामचा दोस्त. शाळेच्या मैदानाला लागून त्याचं पंक्चरचं दुकान. बोलायला फटकळ, पण मनानं स्वच्छ.

"भाऊजी, मला सायकल शिकवा."

सहादूच्या हातातली ट्यूब पाण्यात तशीच राहिली. "तुम्हाला?"

"मला."

"मग माझ्याकडं एक लेडीज सायकल पडलीय, बुटकी. दांडा नाय, काय नाय. ती घ्या."

"नाय. हीच पायजे."

"वहिनी, ही लय उंच हाय. दांड्यावरून पाय टाकायचा, त्यात साडी. हातपाय मोडून बसाल."

"तिथं हीच होती, भाऊजी."

सहादू काही खुळा नव्हता. त्यानं ट्यूब बाजूला ठेवली, हात पुसले, पाना घेतला आणि सीट सगळ्यात खाली आणून आवळली. मग म्हणाला, "शिकवतो. पण एक विचारतो. कळल्यावर काय करणार?"

"ते कळल्यावर बघू," कुसाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे उजाडताच मैदानावर शिकवणी सुरू झाली. बागेत काम करताना बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, तसा तिनं देवरामचा शर्ट घातला होता. साडीखाली दिनेशची ट्रॅकपँट. ती सुनेनं, वैष्णवीनं, काही न विचारता कपाटातून काढून दिली होती. दिनेशला मात्र हे पसंत पडलं नाही. "आई, काय चाललंय हे? कुठं जायचं असेल तर मी सोडतो ना गाडीवर," तो म्हणायचा. कुसाबाई हं म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी परत मैदानावर हजर.

पडली किती, त्याला काही गणती नाही. कोपरं सोलली, गुडघा सुजला. पण पडण्यात एक गंमत होती, आणि ती सहादूनं आठवड्याभरात हेरली. बाई उजवीकडं कधी पडायचीच नाही. दर वेळी डावीकडं. सायकल जरा डुगडुगली की अंग डावीकडं झुकायचं, डावा पाय जमीन शोधायचा, आणि दोघीही आडव्या.

"वहिनी," सहादू एकदा वैतागून म्हणाला, "तुम्ही सीटवर नाय बसत. तुम्ही अजून कॅरिअरवरच बसल्यात."

कुसाबाई तिथंच मैदानात बसली आणि हमसून हमसून रडली. पाच महिन्यांत चारचौघांदेखत ती पहिल्यांदाच रडत होती. सहादूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पाण्याची बाटली आणून समोर ठेवली आणि पाठ करून उभा राहिला.

"समोर बघायचं," नंतर तो हळू आवाजात सांगायचा. "खाली नको, डावीकडं तर मुळीच नको. समोर." त्याला सांगायला काय जातं! एकोणतीस वर्षं कुसाबाईनं तो रस्ता डाव्या बाजूनंच पाहिला होता. पाट, बाभळी, बागा, सगळं डावीकडचं. समोर रस्ता तिनं कधी पाहिलाच नव्हता. समोर देवरामची पाठ असायची.

पण बाई चिवट. जूनमध्ये ती मैदानाला न पडता फेरी मारू लागली. ऑगस्टमध्ये सकाळी बागेपर्यंत सायकलनं जाऊ लागली. जाताना उतार, त्यामुळं जाणं सोपं. बागेत उतरली की लिंबाकडं न बघता थेट कामाला लागायची. अडायचं ते येताना. मोरीचा चढ आला की ती उतरायची. डांबरीचा आला की उतरायची. नाक्याआधीचा आला की मग तर विचारायलाच नको, चढ लागायच्या दहा पावलं आधीच बाई खाली. दम लागायचा असं नाही. पाय आपोआप जमिनीला लागायचे.

सहादूनं एकदा मुद्दाम मागून येऊन पाहिलं. "तुम्हाला धाप नाय, काय नाय. मग उतरता कशाला?"

"काय करू भाऊजी, सवय लागलीय."

सवय तर होतीच. पण नुसती सवय नव्हती, आणि हे तिचं तिला ठाऊक होतं. चढाला उतरून चालत आलं की वेळ वाढायचा. कधी पस्तीस मिनिटं, कधी चाळीस. वेळ वाढला की जीव हलका व्हायचा. मग म्हणता आलं असतं की बघा, सायकल असून तरी काय झालं असतं? डॉक्टरनं सांगितलेला अर्धा तास भरत नव्हता. म्हणजे तिचे पाय तिच्याच बाजूनं खोटी साक्ष देत होते. हे लक्षात आलं त्या दिवशी तिला स्वतःची लाज वाटली. तिनं ठरवलं, पहिल्या स्मृतिदिनाला मोजायचं. तीच तारीख, तीच वेळ, तीच सायकल, आणि मधे उतरायचं नाही.

स्मृतिदिनाचा कार्यक्रम संध्याकाळी पाचला घरीच होता. दिनेश खुर्च्या आणायला गेला होता, वैष्णवी खिरीचा रवा भाजत होती. कुसाबाईनं देवरामचं घड्याळ मनगटाला बांधलं, ते ढिलं व्हायचं म्हणून वर रबर लावला, आणि "आलेच" म्हणून निघाली. बागेत जाऊन लिंबाखाली बसली. तो पडला होता त्या जागेवर आता गवत उगवलं होतं. तिनं जागेवर हात ठेवला. बरोबर एकला उठली, दांड्यावरून पाय टाकला आणि निघाली.

मोरीचा चढ आला. डावा पाय पायडलवरून सुटला, तिनं तो परत ठेवला आणि दात-ओठ खाऊन वर आली. डांबरीचा चढ कसा गेला ते कळलंच नाही. मग सरळ रस्ता, ट्रक, रिक्षा, धूळ, आणि समोर तो नाक्याआधीचा. अर्ध्यात येईस्तो मांड्या भरून आल्या, सायकल वेडीवाकडी होऊ लागली. आणि तिला ऐकू आलं. "उतर." अगदी नेहमीच्या आवाजात, मान न वळवता म्हटलेलं. इतका जवळून आवाज आला की पाय सुटलाच होता.

"नाय उतरत," ती मोठ्यानं म्हणाली. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. "नाय उतरत मी. आज नाय."

ती वर आली. जिथं तो पाय टेकून तिची वाट बघत उभा राहायचा, तिथं कुणी नव्हतं. ती थांबली नाही. दवाखान्याच्या दारात सायकल भिंतीला टाकून आत गेली आणि समोरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. दोन्ही एकच सांगत होती. एक वाजून चोवीस मिनिटं.

काउंटरवरच्या मुलीनं तिचा घामाघूम चेहरा पाहिला आणि ती पटकन उठून उभी राहिली. "मावशी, काय झालं? पेशंट कुठंय?"

"बागेत हाय," कुसाबाईच्या तोंडून निघून गेलं. मग ती म्हणाली, "नाय गं बाई. गेला तो. वर्ष झालं." मुलीला काही उमगलं नाही. तिनं आतून पाणी आणून दिलं. कुसाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली. पंचावन्नातून चोवीस गेले की एकतीस उरतात. अर्धा तास आणि वर एक मिनिट. वर्षभर लोक सांगत होते ते खोटं होतं. तो वाचू शकला असता. कदाचित. पण त्या कदाचितला आता कुणी तिच्याकडून काढून घेऊ शकणार नव्हतं, आणि तिलाही ते टाळता येणार नव्हतं. ती तोंडात पदर धरून रडली. रडून झाल्यावर घोटभर पाणी प्यायली आणि सायकलवर बसून घरी आली.

संध्याकाळी वस्तीतली पंचवीस-तीस माणसं जमली. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट. फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. मग रीतीप्रमाणं एकेक जण उठून देवरामबद्दल दोन शब्द बोलू लागला. कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, कुणाशी कधी भांडला नाही. सहादू उठला, पण "माझा दोस्त" एवढंच म्हणून खाली बसला. वस्तीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "देवरामची वेळ भरली होती. त्याला कुणी काही करू शकलं नसतं."

तेव्हा कुसाबाई उठली. घरच्या बाईनं उठून बोलायचं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. दिनेशनं चमकून पाहिलं.

"जयभीम," ती म्हणाली. "मला बोलता येत नाय. पण त्यांची वेळ भरली नव्हती. बागेतून दवाखान्यात सायकलनं चोवीस मिनिटं लागतात. मी आज जाऊन आले. त्या दिवशी मला पंचावन्न लागली. डॉक्टर म्हणले होते, अर्धा तास आधी पायजे होता. तो अर्धा तास माझ्या हातात होता. मी त्याला ढकलत पळाले आणि पाटावर टाकून दिला."

"आई, बस ना," दिनेशचा आवाज फुटला.

"बसते. एवढं सांगते आणि बसते. माणूस लय चांगला होता. म्हणायचा, तुला कशाला लागते, मी आहे ना. मला बी ते गोड वाटायचं. मी परत कधी विचारलं नाय. आणि तोच आडवा पडला त्या दिवशी मला काय येत होतं? पळता येत होतं फक्त."

ती बसली. मेणबत्तीचं मेण ताटलीत ओघळत होतं. सहादूनं चष्मा काढून शर्टाला पुसला. मग कुणीतरी शेवटी म्हणायचं सरणत्तय सुरू केलं आणि कार्यक्रम संपला.

माणसं खीर खाऊन गेली. खुर्च्या रचून झाल्या. सासू-सुना मोरीपाशी भांडी घेऊन बसल्या होत्या. वैष्णवी या घरात आल्याला चार वर्षं झाली होती. बाजाराला, दवाखान्याला, माहेरी, सगळीकडं ती दिनेशच्या गाडीवर मागं बसून जायची. हातातलं पातेलं घासता घासता ती थांबली.

"आई, उद्या मला पण घेऊन चला मैदानावर."

दारातून दिनेश पटकन म्हणाला, "तुला कशाला लागते? मी आ—"

आणि तिथंच अडकला. तोंड उघडं, शब्द अर्धा. कुसाबाईनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. तोच चेहरा, तेच हसू, तोच मायेचा आवाज. तिला तर क्षणभर एकतीस वर्षांपूर्वीचा देवरामच दारात उभा दिसला. दिनेशनं तोंड मिटलं. भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडं पाहिलं, मग बायकोकडं. त्याचे डोळे भरून आले, ते त्यानं लपवले नाहीत.

तो पलंगाखाली वाकला आणि बापाची हत्यारांची पेटी ओढून काढली. त्यातला पाना शोधला, अंगणात गेला आणि सायकलपाशी उकिडवा बसला. वैष्णवी उंचीनं सासूपेक्षा कमी होती. सीट तर आधीच तळाला होती. तिच्यासाठी आता ती काढून, सीटखालची नळी थोडी कापूनच बसवावी लागणार होती.

"सायकल सकाळी सहादूकाकाकडं घेऊन जातो," तो आतल्या दोघींना म्हणाला. "किती वाजता असता तुम्ही मैदानावर?"

"साडेसहाला," कुसाबाई म्हणाली आणि परत भांडी घासू लागली.